हवेतला पारा: अहवालातल्या 'आढळला नाही' या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. बंद पडलेल्या एका कॉस्टिक सोडा कारखान्याजवळ राहणाऱ्या लोकांनी मिळून परिसरातली हवा तपासून घेतली. कारखान्यात पूर्वी पाऱ्याचे सेल (मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा बनवणाऱ्या, द्रव पारा वापरणाऱ्या टाक्या) वापरात होते, म्हणून शंका. प्रयोगशाळेने पीएम-१० सॅम्पलरवर, म्हणजे हवेतली बारीक धूळ गोळा करणाऱ्या यंत्रावर, २४ तास फिल्टर चालवला, तो आम्लात विरघळवून धातू मोजले. शिसं, निकेल यांचे आकडे आले आणि पाऱ्यापुढे लिहून आलं 'आढळला नाही'. मग कुणीतरी हातात धरायचा पाऱ्याचा मीटर आणून एका दुपारी, वाऱ्यात, कुंपणाभोवती फिरवला. पडद्यावर शेवटपर्यंत ०.००. प्रश्नकर्त्याचं म्हणणं असं, की दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आलं आहे, तर हवा स्वच्छ आहे असं धरावं का? आणि तरीही खात्री करायची असेल तर कोणतं यंत्र आणावं?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत खरं, पण घटना घडली तेव्हा दोघंही पाठ करून उभे होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका यंत्राचं नाव घेऊन संपणारं नाही. मी बरीच वर्षं हवेचे नमुने घेण्याचं काम करतो आहे आणि पाऱ्याने जितकं फसवलं तितकं दुसऱ्या कुठल्याही प्रदूषकाने मला फसवलेलं नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

फिल्टरपासून सुरुवात करू. शिसं, कॅडमियम, निकेल हे धातू हवेत धुळीला चिकटून फिरतात. धूळ अडवली की ते हाती लागतात. पाऱ्याचं तसं नाही. साध्या तापमानाला द्रव असलेला हा एकमेव धातू, आणि त्याची वाफ सतत होत असते. बाहेरच्या हवेतल्या एकूण पाऱ्यापैकी साधारण ९५ टक्क्यांहून जास्त पारा याच वाफेच्या रूपात असतो, तोही सुट्या अणूंच्या रूपात. एकेकटा अणू फिल्टरच्या जाळीत अडकणार कसा? तो आरपार जातो. मासे धरायच्या जाळ्यात डास सापडला नाही म्हणून डास नाहीत असं कुणी म्हणत नाही, पण पाऱ्याच्या बाबतीत अगदी हेच म्हणणारे अहवाल मी कितीतरी पाहिले आहेत.

जो थोडा पारा खरोखर धुळीवर असतो, तोही या पद्धतीत टिकेलच असं नाही. २४ तास जोरात हवा ओढली जात असताना त्यातला काही उडून जातो. नंतर प्रयोगशाळेत उघड्या भांड्यात आम्ल तापवून फिल्टर विरघळवला, तर उरलेल्यातलाही बराच वाफ होऊन जातो. शिशासाठी ही पद्धत ठीक आहे, पाऱ्यासाठी बंद भांडं हवं. त्यामुळे तुमच्या अहवालातलं 'आढळला नाही' हे प्रामाणिक असेल, पण ते फक्त त्या फिल्टरबद्दल आहे, तुमच्या हवेबद्दल नाही.

आता मीटरकडे वळू. इथे आकड्यांची पट्टी डोळ्यासमोर ठेवावी लागते. कुठलाही जवळचा स्रोत नसलेल्या स्वच्छ ठिकाणी, उत्तर गोलार्धात, हवेत घनमीटरमागे साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो. दक्षिण गोलार्धात एकच्या आसपास. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दुसऱ्या टोकाला आरोग्याच्या मर्यादा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे १००० नॅनोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभराच्या श्वसनासाठी धरलेली संदर्भपातळी ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०० नॅनोग्रॅम. स्वच्छ हवा आणि ही कडक मर्यादा यांच्यात २०० पट अंतर आहे. तुमचा प्रश्न या अंतरात नेमका कुठे बसतो, यावर यंत्र ठरतं.

हातातले मीटर बहुतेक करून कारखान्याच्या आत, सांडलेला पारा शोधायला बनवलेले असतात. सोन्याच्या पातळ पत्र्यावर चालणाऱ्या जुन्या मीटरना ३ मायक्रोग्रॅमच्या खालचं काही दिसत नाही. नवे, चांगले मीटर ०.०५ मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ५० नॅनोग्रॅमपर्यंत उतरतात. पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन शून्यं दिसली म्हणून मीटरला तितकं बारीक दिसतं असं नव्हे.

तरी ते ०.०० अगदीच वाया गेलेलं नाही. मीटर चालू अवस्थेतला आणि तपासलेला असेल, तर त्यातून एवढं कळतं की त्या वेळी, त्या जागी, तुमच्या नाकाच्या उंचीवर हवेत पाऱ्याचा मोठा लोट नव्हता. जुन्या प्रकारचा मीटर असेल तर तो जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेबद्दलसुद्धा काही सांगू शकत नाही. नव्या प्रकारचा असेल तर सांगू शकतो, पण फक्त त्या एका दुपारबद्दल. मर्यादा तर वर्षाच्या सरासरीची आहे. मीटरचं मॉडेल आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची (माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहण्याची) तारीख शोधून काढा. तेवढ्याने त्या शून्याची किंमत ठरेल.

मग तुम्हाला खरं विचारायचं काय आहे? मला यात तीन वेगळे प्रश्न दिसतात. इथे श्वास घेणं धोक्याचं आहे का, हा पहिला. जुन्या कारखान्याच्या जमिनीतून आणि इमारतींतून अजून पारा बाहेर येतो आहे का, हा दुसरा. आणि तो पारा पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली उतरून पाण्यात, माशांत जातो आहे का, हा तिसरा. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं तुम्ही विचारलाय पहिला, पण मनात आहे दुसरा. दुसऱ्यासाठी दीड आणि पाच नॅनोग्रॅममधला फरक दिसला पाहिजे. हातातल्या मीटरचं ते काम नव्हे.

इतकं कमी मोजायचं तर पारा आधी साठवावा लागतो, आणि तो साठवायला सोन्याइतकं चांगलं काही नाही. पाऱ्याची वाफ सोन्याला स्पर्श करताच त्याच्याशी एकजीव होते, अमाल्गम बनतं. क्वार्ट्झच्या बोटभर नळीत सोन्याचा मुलामा दिलेले मणी किंवा वाळू भरतात आणि तिच्यातून हवा ओढतात. पारा सोन्यावर थांबतो, बाकीची हवा निघून जाते. नंतर नळी ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवली की सोनं सगळा पारा सोडून देतं, आणि तीच नळी पुन्हा वापरता येते. सुटलेली वाफ आरगॉन वायूबरोबर मोजणीच्या कक्षात नेतात. तिथे २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडतो. पाऱ्याचे अणू तो शोषतात आणि त्याच तरंगलांबीचा प्रकाश सगळ्या दिशांना फेकतात. प्रकाशाच्या वाटेशी काटकोनात बसवलेला संवेदक तो प्रकाश मोजतो. याला शीतबाष्प अणुप्रतिदीप्ती म्हणतात. मागे अंधार असल्यामुळे मिणमिणता उजेडही दिसतो, म्हणून पिकोग्रॅममधला (नॅनोग्रॅमच्या हजाराव्या भागातला) पारासुद्धा मोजता येतो.

आरगॉनच का, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पाऱ्याच्या अणूंची ती चमक विझवतात. नळीत जराशी हवा राहिली तरी आकडा खाली येतो. माझ्या पहिल्या वर्षी सिलिंडरच्या जोडणीत बारीक गळती होती आणि आठवडाभर आमची हवा संशयास्पद स्वच्छ येत होती. हवा सुधारली म्हणून सगळे खूश होते.

आता हिशेब करून पाहा. हाताने चालवायच्या पद्धतीत मिनिटाला ०.३ लिटर या वेगाने हवा ओढतात. २४ तासांत ०.४३ घनमीटर हवा जाते. दीड नॅनोग्रॅमची हवा असेल तर नळीत साधारण ६५० पिकोग्रॅम पारा साठतो, तर उपकरणाला काही पिकोग्रॅमसुद्धा दिसतात. म्हणजे भरपूर वाव आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ मध्ये काढलेली आयओ-५ ही पद्धत याच धर्तीची आहे, आणि युरोपात वायुरूप पाऱ्यासाठी ईएन १५८५२ हे मानक आहे. प्रयोगशाळेला विचारताना ही नावं घ्या. समोरच्याला ती ओळखीची नसतील, तर फोन ठेवून दुसरी प्रयोगशाळा शोधा.

हेच काम आपोआप करणारी यंत्रं असतात. त्यांत सोन्याच्या दोन नळ्या असतात. एक हवा ओढत असताना दुसरी तापवून मोजली जाते, मग अदलाबदल. दर ५ मिनिटांनी आकडा मिळतो, वर्षभर, दिवसरात्र. आत एक छोटा पाऱ्याचा स्रोत ठरावीक तापमानाला ठेवलेला असतो, त्यावरून यंत्र स्वतःची तपासणी करतं. जगभरातली पार्श्वभूमी मोजणारी केंद्रं मुख्यतः अशाच यंत्रांवर चालतात. पण यंत्र महाग, आरगॉन सतत लागणार, वातानुकूलित खोली हवी, आणि ते समजून चालवणारा माणूस हवा. हा शेवटचा मुद्दा लोक हिशेबात धरत नाहीत. मी अशी यंत्रं धूळ खात पडलेली पाहिली आहेत, कारण खरेदीसाठी पैसे होते आणि माणसाच्या पगारासाठी नव्हते.

मधला एक मार्ग आहे. झीमन परिणाम (चुंबकीय क्षेत्रात अणूच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित विभागली जाते तो) वापरून अतिनील शोषण मोजणारी यंत्रं पेटीएवढी असतात, बॅटरीवर चालतात, सोनं वापरत नाहीत आणि दर सेकंदाला आकडा देतात. आत प्रकाशाला आरशांमध्ये अनेकदा फिरवून लांब वाट दिलेली असते. काही सेकंदांची सरासरी घेतली तर काही नॅनोग्रॅमपर्यंतचा फरक कळतो. साध्या अतिनील मीटरपेक्षा यांचा मोठा गुण म्हणजे पाऱ्यासारखाच प्रकाश शोषणाऱ्या इतर वायूंना ती पाऱ्यापासून वेगळं ओळखतात. ओझोन, सल्फर डायऑक्साइड, पेट्रोलच्या वाफेतले काही घटक, सगळे त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. एकदा आम्ही साधा मीटर घेऊन गेलो होतो, आकडा एका कोपऱ्यात चढायचा आणि परत उतरायचा. दोन तास त्या कोपऱ्यातली माती उकरली. शेवटी कळलं की वारा फिरला की आमच्याच जनरेटरचा धूर मीटरमध्ये शिरत होता. चालत फिरून 'पारा कुठून येतो' हे शोधायला झीमनवालं यंत्र उत्तम. मात्र त्याचं शून्य सरकतं, म्हणून दर थोड्या वेळाने पारा शोषून घेणाऱ्या गाळणीतून हवा देऊन शून्य तपासत राहावं लागतं.

तुमच्यासारख्या गटाला मात्र मी वेगळीच गोष्ट सुचवेन, आणि तीवर जरा जास्त लिहितो: पंपाशिवाय चालणारे निष्क्रिय सॅम्पलर.

डब्यात गंधक चढवलेला सक्रिय कोळसा असतो, त्याभोवती सच्छिद्र नळी. हवा ओढावी लागत नाही, पाऱ्याचे अणू आपल्या गतीने विसरण होत आत जातात आणि कोळशातल्या गंधकाशी घट्ट बांधले जातात. वीज नाही, आवाज नाही, सांभाळायला माणूस नाही. खांबावर टांगायचा, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी काढायचा, झाकण घट्ट लावायचं आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तिथे कोळसा जाळून सुटलेला पारा सोन्यावर धरतात आणि मोजतात. टोरांटो विद्यापीठात तयार झालेल्या आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका रचनेत, सॅम्पलर दिवसाला सुमारे ०.११ घनमीटर हवेतला पारा गोळा करतो. महिन्याला ३.३ घनमीटर. दीड नॅनोग्रॅमच्या हवेत जवळपास ५ नॅनोग्रॅम पारा जमतो, आणि तो व्यवस्थित मोजता येतो.

याचा खरा फायदा आकड्याच्या अचूकतेत नाही, संख्येत आहे. एका महागड्या यंत्राने तुम्हाला एका जागेचं सगळं कळेल. त्याहून कितीतरी कमी खर्चात पंधरा सॅम्पलर पंधरा जागी टांगता येतात, आणि स्रोत कुठे आहे हे एका जागेवरून कळत नसतं, उतारावरून कळतं: कुंपणाला ८, दोनशे मीटरवर ४, एक किलोमीटरवर २, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दीड. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमच्याकडे काय येईल ते तुमच्या जमिनीवर अवलंबून.) असा उतार दिसला की वादाला फारशी जागा उरत नाही.

मर्यादाही सांगतो. मिळते ती सरासरी. रात्री दोन तास पारा उसळला आणि बाकी महिना शांत होता, हे त्यात बुडून जातं. खूप वारा असलेल्या ठिकाणी गोळा होण्याचा वेग थोडा बदलतो, म्हणून आडोसा लागतो. आणि काही सॅम्पलर न उघडता तसेच नेऊन आणावे लागतात, त्यांना फील्ड ब्लँक म्हणतात. प्रवासात, साठवणीत किती पारा आपोआप शिरला हे त्यांच्यावरून कळतं. ब्लँकचे पैसे वाचवणाऱ्यांना मी सांगतो की मग नमुन्यांचेही वाचवा, कारण त्यांचा अर्थच लावता येणार नाही.

ब्लँकवरून आठवलं. आमच्या एका मोहिमेत तीन आठवडे सगळे ब्लँक चढे येत होते. नळ्या बदलल्या, आरगॉन बदलला, एकमेकांवर संशय घेऊन झाला. शेवटी सामानाच्या खोलीत कपाटामागे फुटलेली ट्यूबलाइट सापडली. ट्यूबमध्ये पारा असतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेव्हापासून नमुने ठेवायच्या खोलीत मी आधी दिवे, जुने थर्मामीटर, रक्तदाब मोजायची जुनी यंत्रं शोधतो. दातात चांदीसारखं भरण असेल तर नळीच्या उघड्या तोंडाजवळ बोलूही नका. ते भरण साधारण निम्मं पाराच असतं आणि उच्छ्वासातून थोडी वाफ येते.

आतापर्यंत मूलद्रव्य-रूपातल्या वाफेबद्दल बोललो. उरलेल्या काही टक्क्यांत दोन रूपं येतात: ऑक्सिडीकरण झालेला वायुरूप पारा आणि धुळीला चिकटलेला पारा. प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे वाफेच्या शेकडाव्या हिश्श्याच्या आसपास. पण महत्त्व मोठं, कारण सुट्या अणूंची वाफ महिनोन्‌महिने हवेत फिरून जग ओलांडते, तर ऑक्सिडीकृत पारा पाण्यात विरघळतो आणि काही तासांत वा दिवसांत खाली उतरतो. कॅनडाच्या उत्तर टोकाला अलर्ट इथे १९९५ मध्ये दिसलं की ध्रुवावर वसंतात सूर्य परत आला की हवेतल्या पाऱ्याची वाफ एकाएकी जवळपास नाहीशी होते, नेमकी ओझोनबरोबर. समुद्री बर्फावरून येणारं ब्रोमीन तिचं ऑक्सिडीकरण करतं आणि पारा बर्फावर उतरतो. नुसती वाफ मोजणाऱ्याला वाटेल हवा स्वच्छ झाली. प्रत्यक्षात पारा फक्त जागा बदलत होता.

ही दोन रूपं वेगळी मोजायची रूढ पद्धत अशी की पोटॅशियम क्लोराइडचा थर दिलेल्या क्वार्ट्झच्या नळीत आधी ऑक्सिडीकृत पारा धरायचा, तिच्यापुढे क्वार्ट्झच्या फिल्टरवर धूळ धरायची, आणि उरलेली वाफ सोन्यावर. नंतर एकेक भाग तापवून मोजायचा. बरीच वर्षं सगळ्यांनी यावर भरवसा ठेवला, मीही ठेवला. मग तुलनात्मक प्रयोगांतून दिसलं की हवेतला ओझोन आणि दमटपणा त्या थरावरचा पारा मोजणीआधीच सोडवून टाकतात, आणि ऑक्सिडीकृत पाऱ्याचे आकडे कित्येक पटींनी कमी येतात. आता धनआयन-विनिमय करणाऱ्या पडद्यांकडे कल आहे, पण त्यांवर एकमत व्हायचं आहे. तुम्ही संशोधक नसाल तर या भानगडीत पडू नका. तुमची काळजी तळ्यातल्या माशांची असेल, तर पाऊस आणि खाली बसणारी धूळ स्वच्छ भांड्यात गोळा करून तिच्यातला पारा मोजा. त्यासाठी ईएन १५८५३ हे मानक आहे.

बंद कारखान्याच्या बाबतीत वाफ हेच मुख्य रूप असणार. तिथल्या सेलमध्ये द्रवरूप पाराच ऋणाग्र (विजेचं ऋण टोक) म्हणून वाहत असे. तो फरशीच्या भेगांत, गटारात, मातीत मुरतो आणि कारखाना बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं वाफ होत राहतो. म्हणून तुमच्याकडे हवामान महत्त्वाचं. उन्हाने माती तापली की दुपारी जास्त वाफ निघते, पण तेव्हा हवाही वर-खाली घुसळत असल्यामुळे ती पातळ होते. रात्री कमी निघते, पण वारा पडलेला आणि हवेचा थर जमिनीला चिकटलेला असतो, तेव्हा तेवढीच वाफ साचते. कित्येक ठिकाणी मला पहाटेच सगळ्यात जास्त आकडा मिळाला आहे. तुमचा मीटर दुपारी वाऱ्यात फिरवलेला होता हे तुम्हीच लिहिलं आहे.

कॅलिब्रेशनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अहवाल वाचताना ती उपयोगी पडते. पाऱ्याच्या उपकरणाची तपासणी फार साध्या तऱ्हेने करता येते. बंद भांड्यात थोडा पारा ठेवला की वरची हवा त्याच्या वाफेने भरून जाते. २० अंशांना तिच्यात मिलिलिटरमागे साधारण १३ नॅनोग्रॅम पारा असतो. १० मायक्रोलिटर हवा सुईने काढून उपकरणात सोडली की तुम्ही सुमारे १३० पिकोग्रॅम पारा दिलात. मात्र तापमान अचूक हवं. एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ८ टक्क्यांची चूक. दुसरी गोम हवेच्या आकारमानाची. काही जण घनमीटर ० अंशांना धरतात, काही २५ अंशांना, आणि नुसत्या तेवढ्यानेच आकड्यांत ९ टक्के फरक पडतो. दोन अहवाल भांडताना दिसले तर आधी हे पाहा.

झाडांची सालं, दगडफूल, शेवाळ यांतही पारा साठतो आणि त्यावरून उतार दिसतो. खर्च नगण्य. घनमीटरमागे किती, हे मात्र त्यातून काढता येत नाही, म्हणून मी ते फक्त जागा निवडण्यासाठी वापरतो.

तुमच्या परिस्थितीत मी काय केलं असतं ते सांगतो. आधी झीमनवालं यंत्र असलेली प्रयोगशाळा किंवा विद्यापीठाचा विभाग शोधला असता आणि दोन दिवसांसाठी ते यंत्र चालवणाऱ्यासकट मागितलं असतं. एक पहाट आणि एक तापलेली दुपार कुंपणाभोवती आणि वस्तीत फिरलो असतो, हातात वाऱ्याची दिशा लिहायची वही घेऊन. त्यावरून दहा-बारा जागा ठरवल्या असत्या, त्यातल्या दोन वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, दूर, तुलनेसाठी. तिथे निष्क्रिय सॅम्पलर किमान एक उन्हाळा आणि एक हिवाळा, शक्य असेल तर पूर्ण वर्ष. दोन जागी जोडीने दोन-दोन सॅम्पलर, म्हणजे एकाच हवेचे दोन आकडे किती जुळतात ते कळेल. आणि त्यातल्या एका जागी अधूनमधून २४ तासांच्या सोन्याच्या नळ्या, निष्क्रिय आकड्यांना पडताळा म्हणून. आकडे पार्श्वभूमीच्या जवळपास आले तर हवेचा प्रश्न मिटला, मग माती आणि पाण्याकडे वळा. काही दहा नॅनोग्रॅम आले तर श्वसनाचा धोका मर्यादेच्या बराच खाली आहे, पण पारा निघतो आहे हे सिद्ध झालं आणि जमीन साफ करण्याची मागणी करायला हातात पुरावा आला. शंभराच्या पुढे गेले तर आपोआप चालणारं यंत्र लावायची जबाबदारी तुमची नाही, प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची आहे, आणि तुमचे आकडे घेऊन तिच्या दारात जायला हरकत नाही.

प्रयोगशाळेशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: पाऱ्याचं कोणतं रूप मोजणार, शोधमर्यादा, म्हणजे पद्धतीला दिसणारं सगळ्यात कमी प्रमाण, नॅनोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये किती (नुसतं 'फिल्टरमागे मिलिग्रॅम' नको), आणि ब्लँकचे आकडे अहवालात छापणार की नाही. शोधमर्यादा दीड नॅनोग्रॅमच्या वर असेल तर त्या प्रयोगशाळेला स्वच्छ हवासुद्धा 'आढळला नाही' अशीच दिसेल. हवेत पारा कुठेही शून्य नसतो, त्यामुळे नीट केलेल्या मोजणीत आकडा आलाच पाहिजे.

आधीचा फिल्टरचा अहवाल मात्र टाकून देऊ नका. त्यात आलेले शिशाचे आणि निकेलचे आकडे खरे असू शकतात. ते जास्त असतील तर ती वेगळी तक्रार आहे, वेगळ्या कागदावर करा.